फुटपाथची उंची, जोडपत्र ‘अ’ आणि आमचा शनिवारचा वर्ग

आमच्या पेन्शनच्या बँकेसमोरचा फुटपाथ रस्त्यापासून ३५ सेंटिमीटर उंच होता. हे मी ठामपणे लिहू शकते, कारण शिवणाच्या टेपने मी तो स्वतः मोजला आहे. मोजायची वेळ का आली आणि पुढचे सात महिने काय काय झालं, ते सगळं क्रमाने लिहून ठेवते. माझ्या वयाच्या ज्यांना सरकारी कार्यालयाची पायरी चढायची धास्ती वाटते, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल. शहराचं नाव लिहीत नाही. पुण्याहून एसटीने चारेक तासांवरचं, महापालिका असलेलं शहर, एवढं पुरे. ज्या टेबलांपुढे मी उभी राहिले, तिथली माणसं आता ओळखीची झाली आहेत आणि कुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही.

मी ६८ वर्षांची. तीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे वीस गुणांचा विषय, इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, बहुतेकदा परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात उरकायचा. महापौर, स्थायी समिती, आयुक्त यांची कामं मुलांकडून पाठ करून घेतली. महापालिकेच्या इमारतीत मात्र मी कधी गेले नव्हते. घरपट्टी, पाणीपट्टी सगळं आमचे हे बघायचे. ते गेल्यावर मुलगा मोबाइलवरून भरू लागला.

जून २०२४ मध्ये आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या विरंगुळा केंद्रात फळ्यावर सूचना लागली. ‘आपलं शहर समजून घेऊ’, ज्येष्ठांसाठी आठ शनिवारांचा अभ्यासवर्ग, दुपारी साडेचार ते सहा, शुल्क २०० रुपये, त्यात चहा आणि झेरॉक्स. योगासनं, भजन, सहल याच फळ्यावर लागतात, त्यामुळे आधी नजर नुसतीच फिरली. मग वाचलं की पहिल्या वर्गाला येताना घरपट्टीचं बिल आणायचं आहे. हे मला आवडलं. वही-पेन नाही, बिल.

६ जुलैला पहिला वर्ग झाला. आम्ही २३ जण, त्यात सहा बायका. शिकवायला एका कॉलेजच्या आजीवन अध्ययन विभागातल्या प्राध्यापकबाई, दुसऱ्या एका महापालिकेतून निवृत्त झालेले अभियंता काका आणि एक वकील. अभियंता काकांनी प्रत्येकाला बिल हातात घ्यायला लावलं आणि एकेक ओळ वाचायला सांगितली. सर्वसाधारण कर, वृक्ष उपकर, शिक्षण कर. ‘हा शिक्षण कर कुठे जातो?’ त्यांनी विचारलं. मी लगेच म्हणाले, महापालिकेच्या शाळांना. उत्तर चुकलं. तो राज्य शासनाचा उपकर आहे, १९६२ च्या कायद्याने लागू झालेला. महापालिका तो फक्त गोळा करते आणि शासनाकडे भरते. पगारातून जन्मभर कर भरलेली मी, शिक्षण खात्यात नोकरी केलेली मी, आणि माझ्याच घरच्या बिलावरची ही ओळ मी कधी वाचली नव्हती. त्या संध्याकाळी घरी येऊन मागच्या पाच वर्षांची बिलं काढली आणि एकापुढे एक मांडून वाचली.

दुसऱ्या शनिवारी जमाखर्च. महापालिकेकडे पैसा कुठून येतो, हे आमच्या पिढीला समजावणं सोपं गेलं, कारण शहराच्या वेशीवरचा जकात नाका आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, तो बहुतेकांसाठी २०१५ मध्ये उठला, २०१७ मध्ये जीएसटी आला. आता जकातीच्या जागी शासनाकडून भरपाईचं अनुदान येतं. ‘म्हणजे पूर्वी नाक्यावरचा पैसा आपला होता, आता महिन्याच्या महिन्याला वरून येतो,’ असं एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका म्हणाले. त्यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. मला तो वाद फार मोलाचा वाटला. आपण इथे करमणुकीला आलेलो नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं.

तिसरा वर्ग ७४ व्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे महापालिका-नगरपालिकांना घटनेत स्थान देणाऱ्या दुरुस्तीचा. ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी अठरा विषय आले. हे मी पूर्वी शिकवलेलं होतं. पण एका आजोबांनी साधा प्रश्न विचारला, ‘आपल्या वॉर्डात आता नगरसेवकच नाही, मग हे अठरा विषय कुणाला सांगायचे?’ तेव्हा राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका रखडल्या होत्या आणि सगळीकडे प्रशासक होते. प्राध्यापकबाईंनी खरं ते सांगितलं. निवडून आलेल्या माणसाची जागा अर्ज भरून काढू शकत नाही, पण अर्ज थांबवायचं कारणही नाही. प्रभाग कार्यालय आहे, तिथे आवक खिडकी आहे.

२७ जुलैचा वर्ग पावसाने बुडाला. पुढचे वर्ग एकेक आठवडा सरकले.

१० ऑगस्टला पायी पाहणी होती. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला एक किलोमीटर रस्ता. दिसेल ते लिहायचं, मत लिहायचं नाही, ही अट. आमच्या गटाने बँकेचा रस्ता मागून घेतला. त्याला कारण होतं. आदल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीच्या नोंदीसाठी बँकेपुढे रांग होती तेव्हा एक आजी त्या फुटपाथवरून उतरताना पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. मी त्यांच्या मागे तिसरी होते. त्यांच्या पिशवीतलं पासबुक चिखलात पडलेलं मी उचललं होतं.

तर त्या दिवशी पिशवीतून शिवणाची टेप काढली. एका काकांनी तिचं एक टोक रस्त्यावर धरलं, मी वाकून दुसरं टोक फुटपाथच्या कडेला लावलं. ३५. दोन पावलं पुढे ३३. रिक्षा स्टँडजवळ ३६. अख्ख्या बँकेच्या बाजूला चढायला उतार एकही नाही. अभियंता काकांनी वर्गात सांगितलं की रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत कडेची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर दिली आहे. घरातल्या जिन्याची पायरीसुद्धा साधारण तेवढीच असते. मी रात्री घरी येऊन जिना मोजला. साडेसोळा. म्हणजे पेन्शन आणायला जाताना आम्ही एका पावलात दोन पायऱ्या चढत होतो.

त्यानंतर मला धीर धरवेना. सोमवारी, १२ ऑगस्टला, मी आणि कंडक्टर काका प्रभाग कार्यालयात गेलो. रिक्षाचे ४० रुपये. तोंडी सांगितलं. उत्तर मिळालं, ‘बाई, तो रस्ता आमच्याकडे नाही, बांधकाम खात्याचा आहे.’ बुधवारी बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, ‘रस्ता आमचा होता, पण फुटपाथ महापालिकेने केलाय.’ दोघंही सभ्यपणे बोलले. बाहेर येऊन आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो आणि बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मला अपमान वाटला नाही, पण थकल्यासारखं झालं. आपलं म्हणणं हवेत विरून गेलं, त्याची कुठे नोंद नाही, तारीख नाही, असं वाटत राहिलं. तोंडी तक्रारीला पोहोच नसते. म्हणून पहिली गोष्ट सांगते, जे काही द्याल ते लेखी द्या. दोन प्रती करा. एक त्यांना, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घेऊनच खिडकी सोडा.

२४ ऑगस्टचा वर्ग माहितीच्या अधिकाराचा होता. वकिलांनी घरून अर्ज लिहून आणायला सांगितलं होतं. मी तीन पानं लिहिली होती. त्यात त्या आजींचं मनगट होतं, पेन्शनरांची रांग होती, आणि पाच वेळा ‘का’ होता. फुटपाथ इतका उंच का बांधला? उतार का ठेवला नाही? वकिलांनी शांतपणे सगळं वाचलं आणि मला म्हणाले, ‘मॅडम, हे निवेदन म्हणून उत्तम आहे. माहितीच्या अर्जात मात्र ‘का’ विचारू नका. कारण कागदावर असेलच असं नाही, आणि नसलेली गोष्ट ते देणं लागत नाहीत. कागद मागा.’

हे ऐकून मी थोडी दुखावले. मुलांना ‘का’ विचारायला शिकवण्यात माझी हयात गेली. पण त्या रात्री अर्ज पुन्हा लिहिताना त्यांचं म्हणणं उमगलं. आपल्याला जे जाणून घ्यायचंय, ते कोणत्या कागदावर लिहिलेलं असेल, याचा विचार करायचा. उंची कुठे लिहिलेली असेल? नकाशात. काम कुणी दिलं? कार्यादेशात. प्रत्यक्ष किती झालं? मोजमाप पुस्तिकेत. रस्ता कुणाचा? हस्तांतराच्या पत्रात. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असं आहे. सारांशलेखन मी वर्षानुवर्षं तपासलं आहे, पण इतक्या काटेकोरपणे स्वतः कधी केलं नव्हतं. शेवटी मागणी चार ओळींची झाली. अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या पदपथाच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक व नकाशा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, आणि सदर रस्ता हस्तांतरित झाला असल्यास त्या पत्राची प्रत.

अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात द्यायचा असतो. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. स्टॅम्प तहसील कार्यालयाच्या आवारात मिळाला. ऑनलाइनही अर्ज करता येतो, पण मला शिक्का डोळ्यांनी बघायचा होता. २८ ऑगस्टला, बुधवारी, अर्ज दिला. खिडकीतल्या मुलीने दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि सही केली. एवढ्याशा जांभळ्या शिक्क्याने मला किती बरं वाटलं, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. आता ३० दिवस.

३१ ऑगस्टला वर्ग संपला. प्रमाणपत्रं वगैरे काही नव्हती. प्रत्येकाने आपण काय हातात घेतलं ते सांगितलं. कुणी वॉर्डातल्या बंद दिव्यांची यादी केली होती, कुणी कचऱ्याच्या घंटागाडीच्या वेळा महिनाभर लिहून ठेवल्या होत्या. मी फुटपाथबद्दल बोलले आणि भरीला म्हणाले, ‘उतारांचे पैसे कुणीतरी खाल्ले असणार.’ टाळ्या पडल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा यायचं आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालाने एक पत्र आलं. हस्तांतराच्या पत्राचा मुद्दा दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित असल्याने कलम ६(३) प्रमाणे तो तिकडे पाठवला आहे, असं त्यात होतं. ज्यांना असं पत्र येईल त्यांनी घाबरू नये. अर्ज नाकारलेला नसतो. चुकीच्या दारात गेलेला अर्ज योग्य दारात पोहोचवणं हे त्यांचंच काम असतं, आपण पुन्हा पैसे भरायचे नसतात. दोन कार्यालयांमधल्या ज्या खेपा आम्ही पायी घातल्या, त्या या एका कलमाने कागदाने घातल्या.

बाकीच्या तीन मुद्द्यांवर काहीच आलं नाही. गणपती आले, गेले. २७ सप्टेंबरला मुदत संपली. मी रोज दुपारी टपालपेटी बघत होते. सून म्हणाली, ‘आई, आता सोडून द्या ना, बीपी वाढेल.’ तिचं चूक नव्हतं. त्या आठवड्यात खरंच झोप नीट लागत नव्हती.

१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. संघात सत्काराचा कार्यक्रम सकाळी होता. तो आटोपून शाल पिशवीत घालून मी थेट कार्यालयात गेले आणि पहिलं अपील दिलं. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प, सोबत मूळ अर्जाची शिक्का असलेली झेरॉक्स. अपील मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायला हवा. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. मला तिथवर जावं लागलं नाही.

दसऱ्यानंतर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सुनावणी पुढे जाणार असं मी धरून चालले होते, पण पत्र आलं. २२ ऑक्टोबर, दुपारी साडेबारा.

सुनावणी या शब्दानेच माझ्या पोटात गोळा आला. कोर्टासारखं पिंजऱ्यात उभं राहायचं, असं काहीतरी डोळ्यांपुढे होतं. तसं काही नसतं. अधिकाऱ्यांची खोली, टेबल, समोर तीन खुर्च्या. एका खुर्चीवर जन माहिती अधिकारी, एकीवर मी, तिसरीवर कंडक्टर काका. सोबत कुणाला न्यायचं असेल तर आधी विचारून घ्या. मी विचारलं होतं. वरिष्ठांनी विचारलं, ‘माहिती का दिली नाही?’ समोरचे म्हणाले, जुनी फाइल अभिलेख कक्षात सापडत नव्हती, आता सापडली आहे. मला विचारलं, ‘तुम्हाला काही सांगायचंय?’ मी घरी आरशापुढे म्हणून बघितलेलं सगळं विसरले. फक्त म्हणाले, ‘मला नकाशा बघायचाय.’ दहा मिनिटांत झालं. आदेश असा, पंधरा दिवसांत माहिती विनामूल्य द्यावी. मुदत टळली की कलम ७(६) प्रमाणे प्रतींचे पैसे लागत नाहीत. एरवी पानाला दोन रुपये पडतात.

मध्ये दिवाळी होती. १२ नोव्हेंबरला टपालाने अकरा पानं आली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरून वाचली. नकाशा मला एकटीला कळेना, म्हणून संध्याकाळी अभियंता काकांकडे गेले. त्यांनी भिंग घेतलं. नकाशात कडेची उंची १५० मिलिमीटर होती. उतार दोन दाखवले होते, एक बँकेच्या दारासमोर आणि दुसरा रिक्षा स्टँडपाशी. मग त्यांनी मोजमाप पुस्तिकेची पानं उलटली, दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘उतार मोजमापात नाहीत. बिलातही नाहीत.’

म्हणजे उतार झाले नाहीत आणि त्यांचे पैसेही दिले गेले नाहीत. फुटपाथच्या खाली पावसाळी गटार आहे. त्याचे स्लॅब जागेवर नकाशापेक्षा उंच बसले, त्यावर फरशी आली, उंची वाढली. वाढलेल्या उंचीला ठरलेला लहानसा उतार पुरेना, म्हणून तो गाळला गेला, असा अंदाज काकांनी केला. मी भर वर्गात काय बोलले होते ते मला आठवलं. पुढच्या शनिवारच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की पैसे कुणी खाल्ले नव्हते, मी कागद न बघता बोलले होते. या सात महिन्यांतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं. पण ते केल्यामुळे पुढचं पत्र लिहिताना माझा हात स्थिर राहिला. आरोप उरला नव्हता. त्यांच्याच नकाशात असलेली, राहून गेलेली एक गोष्ट उरली होती.

निकाल लागून आचारसंहिता उठल्यावर, २ डिसेंबरला निवेदन दिलं. पान एकच. सोबत नकाशाची झेरॉक्स, मोजमाप पुस्तिकेचं पान, टेप लावलेले दोन फोटो आणि ३१ सह्या. तो सोमवार मुद्दाम निवडला. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक संस्थांमध्ये सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहता येतात, हे तोवर मला कळलं होतं. आधी कळलं असतं तर मोजमाप पुस्तिका कदाचित ऑगस्टमध्येच बघितली असती. तुम्ही आधी तिथून सुरुवात करा.

१९ डिसेंबरला कनिष्ठ अभियंता जागेवर आले. तिशीतला मुलगा. त्याने मला बसायला शेजारच्या दुकानातून स्टूल मागून आणलं आणि मग माझ्याशी सरळ हिशेबाने बोलला. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा लागतो. म्हणजे ३५ सेंटिमीटर चढायला चार मीटर वीस सेंटिमीटर लांबी हवी. तेवढा उतार रस्त्यावर काढला तर वाहनं कुठून जाणार? म्हणून फुटपाथच लांबीच्या दिशेने खाली उतरवायला हवा. आजवर कुणी मला ‘होत नाही’ याचं कारण इतकं नीट सांगितलं नव्हतं. ‘का’ चं उत्तर कागदावर नव्हतं, ते या मुलाकडे होतं. खर्च देखभाल-दुरुस्तीतून करता येईल, असं तो म्हणाला.

जानेवारी नुसता वाट बघण्यात गेला. दोनदा फोन केला, दोनदा ‘प्रस्ताव वर आहे’ असं ऐकलं. ११ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी कंडक्टर काकांचा फोन आला, ‘मॅडम, फरशी उचकटतायत, या लवकर.’ दोन दिवस काम चाललं. मग पाणी मारून आठवडाभर दोरी बांधलेली होती.

माझा सगळा खर्च वर्गाची फी धरून सहाशेच्या आत झाला आणि त्यातला निम्म्याहून अधिक रिक्षाचा. स्टॅम्पचे एकूण ३० रुपये.

दोरी सुटली त्या दिवशी मी टेप घेऊन गेले. शिवणाची टेप दीड मीटरचीच असते, त्यामुळे एकदा लावायची, खडूने खूण करायची, पुन्हा तिथून लावायची. पर्समध्ये खडू अजून असतो. चार मीटर दहा. दहा सेंटिमीटर कमी, म्हणजे उतार किंचित तीव्र, पण मी आमच्या गटातल्या एका काकूंना वॉकर घेऊन त्यावरून वर चढताना पाहिलं, आणि त्या मध्ये थांबल्या नाहीत.

रिक्षा स्टँडजवळचा दुसरा उतार अजून झालेला नाही. तिथे वीज कंपनीचा पिलर आहे, तो हलवायचा की उतार दोन मीटर अलीकडे घ्यायचा, यावर दोन्ही कार्यालयांचं ठरायचं आहे. त्याचं पत्र ३ मार्चला दिलंय. आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे.